अणू-रेणूंच्या टकरी: थिअरी घ्यावी की प्रयोग?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली एक विद्यार्थिनी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला अणू-रेणूंच्या टकरींवर पीएच.डी. करायची आहे. एक प्राध्यापक म्हणतात, प्रयोगात निम्मी वर्षं पंप आणि गळती यांतच जातात, त्यापेक्षा थिअरी घे. दुसरे म्हणतात, थिअरीत आता दुसऱ्याने लिहिलेले कोड चालवणंच उरलंय, प्रयोग कर. शेवटी ती विचारते, "फ्रँक-हर्ट्झच्या प्रयोगाला शंभराहून जास्त वर्षं झाली. या विषयात आता करण्यासारखं काही उरलं आहे का?"

गेली तीस वर्षं मी कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या रेणूंशी होणाऱ्या टकरी मोजतो आहे. त्यामुळे माझं उत्तर प्रयोगवाल्याचं असणार, हे धरून चला. तरीही माझं ठाम मत आहे की या विषयात थिअरी आणि प्रयोग अशी वाटणी करून निम्माच विषय शिकता येत नाही. कारण सांगायला थोडा वेळ लागेल.

सुरुवात फ्रँक-हर्ट्झपासूनच करतो. १९१४ साली त्या दोघांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले आणि दर ४.९ व्होल्टला विद्युतप्रवाह खाली येतो हे पाहिलं. आकडा अचूक होता, पण अर्थ त्यांनी चुकीचा लावला. ४.९ व्होल्टला पाऱ्याचा अणू आयनीभूत होतो, म्हणजे त्यातला एक इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो, असं त्यांना वाटलं. ही ऊर्जा आयनीभवनाची नसून अणूला पुढच्या पातळीवर नेण्याची आहे, हे बोरच्या अणुप्रारूपामुळे स्पष्ट झालं. मग त्याच प्रयोगाला १९२५ सालचं नोबेल मिळालं. म्हणजे या विषयातला पहिला मोठा आकडाही थिअरीचा हात धरूनच उभा राहिला. तुमच्या कॉलेजच्या लॅबमधली नळी बहुधा आर्गॉनची असेल आणि शिखरांमधलं अंतर ११ ते १२ व्होल्ट येत असेल. पहिलं शिखर मात्र त्या हिशोबात बसत नाही, थोडं सरकलेलं दिसतं. त्याचं कारण 'कॉन्टॅक्ट पोटेन्शियल', म्हणजे वेगवेगळ्या धातूंच्या पृष्ठभागांमध्ये आपोआप असणारा छोटा व्होल्टेजचा फरक, आणि जर्नलमध्ये आपण एका ओळीत त्याची वासलात लावतो. ती ओळ लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच माझे चार महिने वाया गेलेले आहेत.

टक्कर कोणालाही दिसत नाही. १० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे १० व्होल्टने ढकललेला, इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १९०० किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे पुण्याहून निघाला तर सेकंदाभरात श्रीनगरच्या पुढे. एक रेणू ओलांडायला त्याला सेकंदाच्या एक कोटी-कोटी भागाच्याही शंभराव्या हिश्श्याहून फार जास्त वेळ लागत नाही. आपल्या हाती फक्त आधीचं आणि नंतरचं चित्र असतं. आत काय सोडलं आणि बाहेर काय, कुठल्या दिशेला, किती ऊर्जा घेऊन आलं, एवढंच. मधलं सगळं अनुमान. या अनुमानाचं चलन म्हणजे क्रॉस सेक्शन, मराठीत काटछेद. येणाऱ्या कणाला समोरचा रेणू केवढ्या क्षेत्रफळाचा 'दिसतो', ते हा आकडा सांगतो. अणूंच्या जगात हे क्षेत्रफळ साधारण बोर त्रिज्येच्या वर्गाच्या आसपास असतं. तो वर्ग म्हणजे २.८ गुणिले १० चा उणे १७ वा घात, इतके चौरस सेंटिमीटर.

गंमत अशी की हे क्षेत्रफळ स्थिर नसतं. १९२१ साली रामसाउअर यांनी आर्गॉनमधून अगदी मंद इलेक्ट्रॉन सोडून पाहिले. मंद कण जास्त अडखळायला हवेत. पण ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आर्गॉन जवळजवळ पारदर्शक होतो, जणू अणू तिथे नाहीतच. त्या वेळी याचा उलगडा कोणत्याच चित्रात होत नव्हता, कारण डी ब्रॉग्ली यांनी कणांच्या लहरींची कल्पना अजून मांडलेली नव्हती. लहरीच्या चित्रात मात्र गोष्ट सोपी होते. अणूच्या आकर्षणामुळे इलेक्ट्रॉनची लहर आत आखडते, आणि त्या ऊर्जेला ती बरोबर अर्ध्या तरंगलांबीने पुढे सरकते. बाहेर आल्यावर ती पूर्वीसारखीच दिसते, फक्त चिन्ह उलटलेलं. लहर विस्कटलीच नाही तर टक्कर झाल्याचा पुरावा कुठे राहणार? हेलियम आणि निऑनमध्ये असं होत नाही. क्रिप्टॉन आणि झेनॉनमध्ये होतं. थिअरी घ्यायची असेल तर पहिलं काम म्हणून हे गणित स्वतः करा. अणूच्या आकर्षणाऐवजी एक चौकोनी विहीर (स्क्वेअर वेल) घ्या, शून्य कोनीय संवेगाची लहर घ्या, फेज शिफ्ट, म्हणजे लहर किती सरकली ते, काढा. कोडला हात लावण्याआधी कागदावर. प्रयोग करायचा असेल तरीही करा.

आता मोजण्याची बाजू, जिथे माझं आयुष्य गेलं आहे. कागदावर समीकरण एका ओळीचं आहे. मोजलेले कण म्हणजे आलेले कण गुणिले वायूची घनता, गुणिले टकरीच्या भागाची लांबी, गुणिले क्रॉस सेक्शन, गुणिले डिटेक्टरने त्यातले किती पकडले तो अंश. क्रॉस सेक्शन सोडून बाकी सगळं मोजलं की भागाकार करायचा. प्रत्यक्षात यातली प्रत्येक राशी फसवते.

घनता घ्या. ती दाबावरून काढतात. आयन गेज, म्हणजे विरळ वायूचा दाब दाखवणारं यंत्र, नायट्रोजनसाठी कॅलिब्रेट केलेलं असतं. त्यात हेलियम सोडला तर खरा दाब दाखवलेल्याच्या साधारण साडेपाच पट असतो. ही दुरुस्ती विसरली तर क्रॉस सेक्शन साडेपाच पट चुकतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते. बारीक चुका जास्त वाईट. चांगलं कपॅसिटन्स मॅनोमीटर स्वतःला ४५ अंश सेल्सिअसवर गरम ठेवतं, आणि तुमचा वायू असतो खोलीच्या तापमानाला. इतक्या विरळ वायूत दोन तापमानांच्या भागांमधले दाब सारखे नसतात. ते तापमानांच्या वर्गमुळांच्या प्रमाणात असतात. त्यामुळे वाचन साधारण ३ टक्क्यांनी जास्त येतं. तीन टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण तुम्ही पाच टक्के अचूकतेचा दावा करत असाल तर त्यातली अर्ध्याहून अधिक मुभा आधीच संपली.

दाबाबद्दल आणखी एक. वायू इतका विरळ ठेवावा लागतो की एका इलेक्ट्रॉनची एकच टक्कर व्हावी. दाब दुप्पट केल्यावर सिग्नल दुप्पट होतो का, हे पाहिल्याशिवाय मी आजही कुठल्याच आलेखावर विश्वास ठेवत नाही. आणि मूळ चेंबरची निर्वात अवस्था १० चा उणे ६ वा घात टॉर (टॉर हे दाबाचं एकक) असेल, तर उरलेल्या हवेच्या रेणूला दुसऱ्या रेणूशी टक्कर होण्याआधी सरासरी ५० मीटर जावं लागतं. चेंबर अर्ध्या मीटरचा. म्हणजे रेणू भिंतींवर आपटतात, एकमेकांवर नाही.

मग इलेक्ट्रॉनचा मार्ग. पुण्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.४ गॉस आहे. होकायंत्राची सुई फिरवण्यापलीकडे त्याचा उपयोग आपल्याला जाणवत नाही. पण १ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रात ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो! सरळ सोडलेला इलेक्ट्रॉन डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही. म्हणून चेंबरभोवती हेल्महोल्ट्झ कॉइल लावतात किंवा आत म्यू-मेटल या चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं कवच घालतात. म्यू-मेटल फार नाजूक प्रकृतीचं असतं. एकदा हातातून पडलं, ठोकलं, वाकवलं की त्याचा गुण जातो आणि पुन्हा भट्टीत तापवावं लागतं. आमच्या एका चेंबरचं काम भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतलं होतं. काम सुरेख होतं, पण स्टेनलेस स्टीलही वेल्डिंगच्या जागी थोडं चुंबकीय होऊ शकतं. तेव्हापासून कुठलाही नवा भाग आला की मी आधी लहानसं चुंबक दोऱ्याला टांगून त्याच्याजवळ नेतो. दोरा हलला तर तो भाग आत जात नाही.

आता माझे चार महिने. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी एका सेंद्रिय रेणूवर काम करत होतो. मंद इलेक्ट्रॉन रेणूला चिकटतो, क्षणभर ऋण आयन तयार होतो आणि मग तो फुटतो. याला डिसोसिएटिव्ह अटॅचमेंट म्हणतात. हे एका ठरावीक ऊर्जेलाच होतं, म्हणून आलेखात शिखर येतं. माझं शिखर दर आठवड्याला थोडं सरकत होतं. मी त्यात नवं भौतिकशास्त्र शोधू लागलो, दोन अनुनाद (इलेक्ट्रॉन क्षणभर अडकतो अशा अवस्था) एकमेकांत मिसळताहेत असं प्रकरणही लिहायला घेतलं. एके दिवशी लॅबमधले एक ज्येष्ठ म्हणाले, "ऑक्सिजन सोडून बघ." ऑक्सिजनपासून मिळणाऱ्या ऋण ऑक्सिजन आयनाचं शिखर ६.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टला येतं, हे जगभर माहीत आहे. माझ्याकडे ते ६.९ ला आलं. माझ्या रेणूचे थर इलेक्ट्रॉन गनच्या पृष्ठभागांवर बसत होते आणि तिथलं कॉन्टॅक्ट पोटेन्शियल रोज बदलत होतं. रेणू निर्दोष होता, माझी पट्टीच सरकत होती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक मोजमापाच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड असतो. कार्बन डायऑक्साइडची शिखरं ४.४ आणि ८.२ ला येतात. दोन खुणा मिळाल्या की पट्टी सरकली आहे की ताणली गेली आहे, तेही कळतं.

आणि पुण्याच्या हवामानाचं सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये चेंबर उघडलात तर भिंतींवर पाण्याच्या वाफेचा थर बसतो, आणि नंतर मास स्पेक्ट्रोमीटरवर १८ चं शिखर कितीतरी दिवस हलत नाही. हीटिंग टेप गुंडाळून चेंबर दीड-दोन दिवस तापवणं हाच उपाय. उघडायचाच असेल तर कोरड्या नायट्रोजनने भरून उघडा. गुरुवारचं पाणी आणि वीज बंद राहण्याचं वेळापत्रक लॅबच्या दारावर चिकटवून ठेवा, कारण पंपाचं थंड पाणी त्याच नळातून येतं. हे सगळं 'पंप दुरुस्त करणं' आहे हे खरं. पण या कामातच आपल्या आकड्याचा कुठला भाग भक्कम आहे आणि कुठला पोकळ, ते कळतं. थिअरीत गेलात तरी एक सत्र अशा लॅबमध्ये काढा, हा माझा आग्रह आहे.

थिअरीची अडचण वेगळ्या जातीची आहे. हायड्रोजनवर इलेक्ट्रॉन आदळला आणि हायड्रोजनचाच इलेक्ट्रॉन बाहेर पडला, तर शेवटी तीन सुटे विद्युतभारित कण उरतात. हा क्वांटम यांत्रिकीतला सगळ्यात साधा फुटण्याचा प्रश्न. श्रोडिंगरचं समीकरण १९२६ चं. या प्रश्नाचं पूर्ण, कुठलंही गृहीतक न घेतलेलं उत्तर आकडेमोडीने मिळालं १९९९ साली. कारण विद्युतभारांमधलं कूलॉम बल कितीही दूर गेलं तरी संपत नाही, आणि तीन कण एकमेकांना कधीच पूर्ण सोडत नाहीत. हायड्रोजनचीच ही कथा, मग पाण्याच्या किंवा बेंझीनच्या रेणूचं काय सांगावं!

तिथे हुशारीची वाटणी करावी लागते. आर-मॅट्रिक्स पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण ती डोळ्यांपुढे आणता येते. रेणूभोवती एक गोल कल्पा. आत शिरलेला इलेक्ट्रॉन रेणूच्या इलेक्ट्रॉनांत मिसळतो, कोण पाहुणा आणि कोण घरचा हे ओळखता येत नाही. वाड्यात सणाची गर्दी असते तसं. तिथे क्वांटम केमिस्ट्रीची सगळी यंत्रणा लावावी लागते. गोलाबाहेर मात्र तो एकटा असतो, दिंडी दरवाज्यातून बोळात आलेल्या माणसासारखा, आणि त्याचं गणित सोपं होतं. दरवाज्यापाशी दोन्ही उत्तरं जुळवायची. विग्नर आणि आयझेनबड यांनी ही कल्पना १९४७ साली अणुकेंद्रांसाठी मांडली. नंतर ती अणू-रेणूंसाठी वापरली गेली. 'दुसऱ्याचे कोड चालवणं' असं जे तुमचे प्राध्यापक म्हणाले, त्यात थोडं तथ्य आहे. पण गोल केवढा घ्यायचा, रेणूच्या कुठल्या उत्तेजित अवस्था धरायच्या, आलेखात दिसणारं शिखर खरा अनुनाद आहे की निवडीतून आलेलं भूत, हे कोड सांगत नाही. ते ओळखायला वर्षं लागतात.

आता मूळ मुद्दा. दोन्ही बाजू एकमेकांशिवाय का चालत नाहीत, याची मला महत्त्वाची वाटणारी तीन उदाहरणं देतो.

पहिलं रोजचं आहे. वायूची घनता आणि मार्गाची लांबी स्वतंत्रपणे अचूक मोजणं इतकं कठीण आहे की कोनानुसार प्रकीर्णन (टकरीनंतर कण कुठे किती विखुरतात ते) मोजणारे बहुतेक लोक तुलनेचा मार्ग घेतात. आधी आपला वायू, मग त्याच नळीतून हेलियम, आणि दोन्हींच्या सिग्नलचं गुणोत्तर. पण हेलियमचा क्रॉस सेक्शन कुठून आणायचा? तो दिला थिअरीने. १९७९ साली नेस्बेट यांनी हेलियमसाठी केलेलं गणित इतकं भरवशाचं होतं की प्रयोगशाळांनी तेच मोजपट्टी म्हणून घेतलं. म्हणजे प्रयोगाने थिअरी तपासली जाते हे खरं, आणि प्रयोगाचं माप थिअरीने दिलं हेही खरं.

दुसरं उदाहरण सांगताना मला आजही उत्साह येतो. तीन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन यांचा एक आयन आहे, ट्रायहायड्रोजन आयन. जे. जे. थॉमसन यांना तो १९११ साली सापडला. तारकांमधल्या थंड ढगांमधलं बरंचसं रसायन यापासून सुरू होतं. तो किती वेळ टिकतो हे एका टकरीवर ठरतं. इलेक्ट्रॉन भेटला की तो तुटतो. या टकरीचा वेग मोजणाऱ्या प्रयोगांमध्ये हजारो पटींची तफावत होती. काही म्हणत, झपाट्याने तुटतो. काही म्हणत, जवळजवळ तुटतच नाही. थिअरीही दुसऱ्या बाजूला झुकलेली, कारण तुटण्यासाठी सोयीची ऊर्जा-वाट तिला दिसत नव्हती. त्यात १९९० च्या दशकात हा आयन विरळ ढगांमध्येही सापडला, आणि तोही अपेक्षेपेक्षा खूप जास्त.

गुंता दोन्हीकडून सुटला. २००१ साली कोकूलीन, ग्रीन आणि एस्री यांनी दाखवलं की थिअरीतून एक गोष्ट सुटली होती. इलेक्ट्रॉन जवळ आल्यावर त्या आयनाचा समभुज त्रिकोण विकृत होतो आणि त्या विकृतीतून तुटण्याची वाट उघडते. याला यान-टेलर परिणाम म्हणतात. प्रयोगवाल्यांकडूनही एक गोष्ट सुटली होती. त्यांचे आयन गरम होते, गरागरा फिरत होते, आणि ढगातले आयन असतात थंड. २००३ साली मॅकॉल आणि सहकाऱ्यांनी स्टॉकहोमच्या साठवण-वलयात (आयन गोल फिरवत ठेवणाऱ्या यंत्रात) आधी थंड केलेले आयन सोडून मोजमाप घेतलं. उत्तर आलं, वेगाने तुटतात. मग इतके सापडतात कसे? याचा अर्थ ते वेगाने बनतही असले पाहिजेत, म्हणजे त्या ढगातून पूर्वी मानत होते त्याहून कितीतरी जास्त विश्वकिरण जात असले पाहिजेत. प्रयोगशाळेतल्या एका टकरीने आकाशाचा हिशोब बदलला.

तिसरं उदाहरण अजून थोडं अवघड जागेचं आहे. रिॲक्शन मायक्रोस्कोप नावाच्या यंत्रात टकरीतून निघालेले आयन आणि इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राने डिटेक्टरवर आणतात. प्रत्येक कण कुठे आणि केव्हा आदळला, यावरून त्याचा तिन्ही दिशांतला संवेग कळतो. २००३ साली या यंत्राने वेगवान कार्बन आयनांची हेलियमशी टक्कर पाहिली. काही दिशांना मोजमाप आणि गणित अजिबात जुळेना. इतक्या वेगाला गणित सोपं असायला हवं होतं, म्हणून धक्का मोठा होता. नंतर प्रश्न विचारला गेला की थिअरी येणारी लहर अनंत पसरलेली मानते, पण प्रत्यक्षातल्या झोताची सुसंगती, म्हणजे लहर एका तालात जेवढी रुंद पसरते ती, तेवढी असते का? २०११ साली प्रोटॉनच्या झोतापुढची फट मागे-पुढे करून हायड्रोजनच्या रेणूवर तपासलं, तर व्यतिकरणाच्या खुणा खरंच बदलल्या. पुढे २०१६ मध्ये वेगवान प्रोटॉन आणि हेलियम यांच्या एका नव्या प्रयोगात थिअरी आणि मोजमाप छान जुळले. मग २००३ ची तफावत सुसंगतीमुळे होती की यंत्राच्या मर्यादेमुळे, यावर दोन्ही बाजूंचे लोक आहेत. माझा कल यंत्राच्या मर्यादेकडे आहे, पण पैज लावणार नाही. दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर आकडे काढत होते आणि तरी एकाच गोष्टीबद्दल बोलत नव्हते, ही शक्यता मला सगळ्यात शिकवून जाते.

'काही उरलं आहे का' याचं उत्तर यातच आलं, तरी थोडं नेमकं सांगतो. १९९६ साली हयाकुताके धूमकेतूतून क्ष-किरण येताना दिसले. बर्फाळ गोळ्यातून क्ष-किरण कसे? सौरवाऱ्यातले जड आयन धूमकेतूच्या वायूमधून इलेक्ट्रॉन हिसकावतात आणि तो इलेक्ट्रॉन खाली उतरताना क्ष-किरण देतो. अशा शेकडो टकरींचे आकडे हवे आहेत. २००० साली बुदायफा, सांश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ३ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉनही डीएनएचे धागे तोडतात. त्यातल्या खालच्या ऊर्जांना तर आयनीभवनही शक्य नसतं. किरणोपचाराचं नुकसान मोजताना हे धरावं लागतं, आणि पाण्याने वेढलेल्या रेणूत हे कसं घडतं ते अजून नीट कळलेलं नाही. चिप बनवताना वापरल्या जाणाऱ्या प्लाझ्मातल्या अर्धवट तुटलेल्या रेणूंचे क्रॉस सेक्शन फार थोडे मोजले गेले आहेत, कारण ते रेणू बाटलीत मिळत नाहीत. आणि पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेत वीज-गडगडाटाचा अभ्यास करणाऱ्यांशी बोलून पाहा. हवेतल्या ठिणगीत इलेक्ट्रॉनची ऊर्जा नायट्रोजनचा २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळचा अनुनाद खातो, आणि ऑक्सिजन तर अख्खा इलेक्ट्रॉनच गिळतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेषेचा अर्थ लावतात, तिथेही अणूंच्या आपसातल्या टकरी हिशोबात असतात.

पुण्यात कुठे जावं? थिअरीसाठी एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) आणि विद्यापीठात क्वांटम केमिस्ट्रीची जुनी, भक्कम परंपरा आहे, आणि अनुनादांचं गणित शेवटी तिथल्याच हत्यारांनी होतं. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत अतिथंड अणूंचं काम चालतं. तिथे टकरीचं सगळं वर्णन एका लांबीत मावतं, ती म्हणजे प्रकीर्णन लांबी. रुबिडियम-८७ साठी ती सुमारे १०० बोर त्रिज्या. तुमच्या चौकोनी विहिरीच्या गणिताचं हे थेट पुढचं पाऊल. इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या टकरींचे प्रयोग करायचे तर मात्र पुण्याबाहेर पाहावं लागेल. जवळचं म्हणजे मुंबईचं टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था). मंद इलेक्ट्रॉन चिकटून फुटणाऱ्या रेणूचे तुकडे एका फुगत्या गोलावर पसरतात. कांद्याची मधली चकती कापावी तसा या गोलाचा मधला काप तेवढा टिपायची पद्धत तिथल्या गटाने २००५ साली या कामासाठी विकसित केली. तुकडे कुठल्या दिशेला गेले, यावरून क्षणभर जगलेल्या ऋण आयनाची सममिती कळते. जड आयनांसाठी दिल्लीचं आययूएसी, म्हणजे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र, आहे. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी प्रस्ताव देऊन बीम घ्यावा, यासाठीच ते उभारलेलं आहे. अहमदाबादचं पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) आणि कोलकात्याचं आयसर हीही नावं टिपून ठेवा.

गाईड निवडताना एकच विचारा. त्यांच्या शेवटच्या पेपरमधल्या आकड्याची अनिश्चितता किती टक्के होती, आणि त्यातली किती कुठून आली? प्रयोगवाला असेल तर दाब, लांबी, डिटेक्टर असा हिशोब त्याला तोंडपाठ हवा. थिअरीवाला असेल तर गोल मोठा केल्यावर, अवस्था वाढवल्यावर आकडा किती हलला, ते सांगता यायला हवं. जिथे या प्रश्नावर तासभर गप्पा रंगतील तिथे जा, विषय कुठलाही असो.

मला एकच वाट निवडायला लावलीत तर तुमच्या वयाला मी म्हणेन, प्रयोगाने सुरुवात करा आणि रोजचं एक-दोन तास गणित सोडू नका. थिअरी नंतरही शिकता येते. गळती शोधायला हेलियम डिटेक्टर नसेल तेव्हा फ्लँजवर स्पिरिटचे दोन थेंब टाकून गेजच्या काट्याकडे बघत बसण्याची चिकाटी पस्तिशीनंतर अंगी बाणणं अवघड जातं.

आणि या रविवारी हे करून पाहा. किम आणि रड यांनी १९९४ साली दिलेल्या बीईबी सूत्राने हायड्रोजनच्या आयनीभवनाचा क्रॉस सेक्शन कॅल्क्युलेटरवर निघतो. येणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने भागा, ती टी. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या सरासरी गतिज ऊर्जेला १३.६ ने भागा, ती यू. हायड्रोजनमध्ये यू बरोबर १ येते. आता टीच्या नैसर्गिक लॉगचा निम्मा घ्या आणि त्याला, १ मधून टीच्या वर्गाचा व्यस्तांक वजा करून येणाऱ्या संख्येने, गुणा. त्यात १ वजा टीचा व्यस्तांक मिळवा. त्यातून टीचा लॉग भागिले (टी अधिक १), एवढं वजा करा. आलेल्या संख्येला टी, यू आणि १ यांच्या बेरजेने भागा आणि बोर त्रिज्येच्या वर्गाच्या ४ पाय (π) पटीने गुणा. ५४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टला, म्हणजे टी बरोबर ४ असताना, उत्तर ०.६६ गुणिले १० चा उणे १६ वा घात चौरस सेंटिमीटर यायला हवं, मोजलेल्या आकड्यांच्या अगदी जवळ. ०.७९ आलं तर भागताना यू विसरलात.